जें नाहीं त्याचें मोल

बाजाराचा सर्वमान्य नियम असा आहे कीं, वस्तूंत जें असेल त्याचे पैसे पडतात. दागिन्यांत सोनें किती, लुगड्याला जर किती, घराला खोल्या किती, हें पाहून आपण मोल ठरवितों. ‘ह्या कपाटाला खण नाहींत, म्हणून ह्याची किंमत अधिक’ असें एखादा दुकानदार म्हणूं लागला, तर आपण त्याच्या तोंडाकडे पाहतच राहूं. परंतु अमेरिकेंतील जुन्या मोटारींच्या बाजारांत नेमका हाच प्रकार अत्यंत गंभीरपणें चालतो. रेडिओ नसलेली, हीटर नसलेली, अंगावर रंगीत पट्टा नसलेली गाडी ह्या सर्व सोयी असलेल्या तिच्याच बहिणीपेक्षां कधीं कधीं अधिक किमतीला जाते. अट एवढीच कीं, त्या वस्तू कोणीं मागाहून काढलेल्या नसाव्या. कारखान्याच्या दारांतून गाडी बाहेर पडली त्याच दिवशीं त्या तिच्यांत नसल्या पाहिजेत. आणि ही गोष्ट नुसती सांगून भागत नाहीं, ती सिद्ध करावी लागते. ‘होतें’ हें सिद्ध करण्यास वस्तु पुढें ठेवली म्हणजे झालें. ‘नव्हतें’ हें सिद्ध करण्यास पुढें काय ठेवावयाचें? ह्या प्रश्नाचा उलगडा तिकडील जाणकार कसा करतात, तें पाहणें मोटारींची आवड नसलेल्या वाचकांसहि मनोरंजक वाटेल.

प्रथम एक उदाहरण घेऊं. १९६७ सालीं शेव्हरोलेट कंपनीनें आपल्या कॉर्व्हेट नांवाच्या दोन आसनी गाडीसाठीं ‘एल ८८’ ह्या संकेताचें एक विशेष इंजिन देऊं केलें. तें खरें म्हणजे शर्यतीसाठीं होतें. कंपनीनें त्याची जाहीर केलेली शक्ति ४३० अश्वशक्ति, म्हणजे त्याहून स्वस्त असलेल्या दुसऱ्या एका इंजिनापेक्षां पांचानें कमीच; प्रत्यक्षांत ती पांचशेंच्या वर होती. हौशी गिऱ्हाइकानें केवळ आंकडा पाहून तें मागूं नये, म्हणून हा उलटा हिशेब. ह्या इंजिनाबद्दल ९४७ डॉलर ९० सेंट अधिक मोजावयाचे, शिवाय रेडिओ मिळावयाचा नाहीं आणि हीटरहि सोडावा लागावयाचा! त्या वर्षीं अशा अवघ्या २० गाड्या निघाल्या. त्यांपैकीं एक जानेवारी २०१४ मध्यें अॅरिझोना संस्थानांतील स्कॉट्सडेल येथें लिलांवांत ३८ लक्ष ५० हजार डॉलरांस गेली. ह्या किमतींत मुख्य वांटा अर्थातच इंजिनाचा. परंतु १९६७ ची एल ८८ म्हणून कोणीं हीटर असलेली गाडी पुढें केली, तर जाणकार मनुष्य प्रथम तिच्या खरेपणाविषयींच शंका घेईल. अशा रीतीनें एका वस्तूचा अभाव हा दुसऱ्या वस्तूच्या अस्तित्वाचा साक्षीदार होऊन बसतो.

बलदंड गाड्यांचा काळ

ज्या गाड्यांविषयीं हा सर्व खटाटोप चालतो त्यांस तिकडे ‘मसल कार’ म्हणतात. मसल म्हणजे स्नायु. आपण त्यांस बलदंड गाड्या म्हणूं. मध्यम आकाराच्या, साध्या घरगुती गाडींत मोठ्या गाडीचें जबरदस्त इंजिन बसवावयाचें, ही त्यामागील कल्पना. १९६४ सालीं पाँटियाक कंपनीनें आपल्या टेंपेस्ट गाडीला ३८९ घन इंचांचें, म्हणजे सुमारें ६.४ लिटरचें, इंजिन देऊन तिला ‘जी. टी. ओ.’ असें नांव दिलें आणि ह्या सर्व साजाबद्दल सुमारें २९५ डॉलर अधिक घेतले. तरुण लोकांच्या तिच्यावर उड्या पडल्या. मग फोर्ड, डॉज, प्लिमथ, शेव्हरोलेट ह्या सर्वांनीं तोच मार्ग धरला. हा उत्साह १९७० च्या सुमारास शिखरास पोंचला आणि विम्याचे वाढते दर, हवा शुद्ध राखण्याचे नवे कायदे व १९७३ ची तेलाची टंचाई ह्यांमुळें थोडक्याच वर्षांत ओसरला. पुढें प्लिमथ हें नांव २००१ सालीं आणि पाँटियाक हें २०१० सालीं कायमचें बंद झालें.

ह्यांतील कांहीं नांवें आपल्याकडील जुन्या पिढीस परिचित होतीं. जनरल मोटर्सनें १९२८ पासून १९५४ पर्यंत मुंबईस शिवडी येथें शेव्हरोलेट गाड्यांची जुळणी केली. वालचंद हिराचंद ह्यांच्या प्रीमियर कारखान्यानें १९४७ पासून कुर्ल्यास डॉज व प्लिमथ गाड्या जोडल्या. मात्र बलदंड गाड्यांचा जमाना त्यानंतरचा, आणि तो सर्वस्वी अमेरिकेच्या रुंद, सरळ रस्त्यांवरचा.

त्या काळीं गाडी विकत घेण्याची रीत ध्यानांत घेतल्याशिवाय पुढील भाग समजणार नाहीं. लग्नाच्या पंगतींत सर्वांच्या पानांवर एकच वाढप असतें. खाणावळींत ज्याला जें हवें तें तो वेगळें मागवितो. अमेरिकन विक्रेत्याच्या दुकानांत दुसरी रीत चाले. इंजिन कोणतें, गिअरबॉक्स कसा, मागील आंसाचें दांत्यांचें प्रमाण किती, बैठक सलग कीं सुटी, घड्याळ हवें काय, रेडिओ हवा काय, हें सर्व गिऱ्हाईक मागणीपत्रांत एकेक करून सांगे. प्रत्येक वस्तूला एक संकेत आणि एक किंमत असे. हें मागणीपत्र कारखान्यास गेलें म्हणजे त्या संकेतांप्रमाणें ती एक गाडी तयार होई. म्हणून एकाच नांवाच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्या आंतून अगदीं भिन्न असूं शकत.

सोयी नको कां म्हटल्या?

पैसे देऊन गाडी घ्यावयाची आणि थंडीच्या मुलखांत हीटर नको म्हणावयाचें, हा वेडेपणा वाटेल. पण त्याला कारणें होतीं.

पहिलें कारण वजन. पाव मैलाच्या सरळ शर्यतींत जो धांवतो त्याला प्रत्येक शेर जड वाटतो. रेडिओ, हीटर, आवाज अडविणारा जाड अस्तर-लेप, मागची बैठक, हीं सर्व त्याच्या दृष्टीनें ओझीं. ह्या वेडाची परिसीमा १९६३ सालीं पाँटियाकनें गांठली. शर्यतीच्या जेमतेम चौदा-पंधरा कॅटॅलिना गाड्यांच्या पोलादी सांगाड्यासच त्यांनीं ठिकठिकाणीं मोठमोठीं भोंकें पाडलीं. लोक त्या गाड्यांस भोंकांच्या चीजची उपमा देऊं लागले. १९६८ सालीं डॉज डार्ट व प्लिमथ बॅराकुडा ह्यांच्या शर्यतीसाठीं काढलेल्या गाड्यांत मागची बैठक नव्हती, पुढचीं मडगार्डें फायबरग्लासचीं होतीं, दारांचा पत्रा आम्लांत बुडवून पातळ केलेला होता, आणि कांच वर घेण्यासाठीं फिरती मूठ नसून नुसता पट्टा होता. त्यांस शेवटचा रंगहि कारखान्यानें दिला नव्हता. तो ज्याचा त्यानें द्यावयाचा.

दुसरें कारण काटकसर. १९६८ च्या प्लिमथ ‘रोड रनर’ची मूळ किंमत २,८९६ डॉलर होती. तींत सलग बैठक होती, पायांखालीं गालिच्याऐवजीं रबर होतें; पण इंजिन मात्र ३८३ घन इंचांचें, ३३५ अश्वशक्तीचें. नुकत्याच नोकरीस लागलेल्या मुलानें रेडिओचे पैसे वांचवून ते चाकांत किंवा आंसांत घातले, तर त्यांत नवल काय?

तिसरें कारण अभिरुचि. अंगावरचे रंगीत पट्टे आणि नांवाचे बिल्ले कित्येकांस नकोसे वाटत. आपली गाडी वेगवान आहे हें शेजाऱ्यापाजाऱ्यांस आणि पोलिसांस कळविण्याची त्यांना हौस नव्हती. ते मागणीपत्रांत ‘पट्टा नको’ असें स्पष्ट लिहीत.

दोन प्रकारचा अभाव

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. गाडींत रेडिओ नाहीं. हें डोळ्यांस दिसतें. पण तो मुळांतच नव्हता, कीं होता आणि पुढें निघाला? आपल्या न्यायशास्त्रानें अभावाचे चार प्रकार सांगितले आहेत, त्यांतील दोन येथें उपयोगी पडतात. घट फुटल्यावर जो त्याचा अभाव होतो तो प्रध्वंसाभाव. वायूच्या ठिकाणीं रूपाचा जो तिन्ही काळीं अभाव असतो तो अत्यंताभाव. काढून टाकलेल्या रेडिओचा अभाव पहिल्या जातीचा आहे आणि त्याला बाजारांत कवडीची किंमत नाहीं. कधींच न बसविलेल्या रेडिओचा अभाव दुसऱ्या जातीचा, आणि सर्व मोल त्याचें. अडचण ही कीं, डॅशबोर्डाकडे पाहणाऱ्यास दोन्ही अभाव सारखेच दिसतात.

अभाव ओळखावा कसा, ह्याचेंहि उत्तर त्याच परंपरेंत आहे. भाट्ट मीमांसक व वेदांती ‘अनुपलब्धि’ हें स्वतंत्र प्रमाण मानतात. परंतु ती अनुपलब्धि ‘योग्य’ असली पाहिजे अशी अट घालतात. दिवा लावलेल्या खोलींत घट दिसला नाहीं, तर घट नाहीं असें खुशाल म्हणावें. अंधाऱ्या खोलींत दिसला नाहीं एवढ्यावरून तसें म्हणतां येत नाहीं. वस्तु असती तर ती खात्रीनें दिसली असती अशा जागीं ती दिसत नाहीं, तेव्हांच तिचें न दिसणें हा पुरावा. डेट्रॉइटचे जाणकार हीं नांवें घेत नसतील. पण त्यांची सर्व परीक्षा ह्याच एका अटीभोंवतीं फिरते.

ह्या अटीमुळें हीटर आणि रेडिओ ह्यांच्यांत एक मोठा भेद पडतो. शेव्हरोलेट गाड्यांत तेव्हां हीटर हा मूळ किमतींतच येई. तो नको असेल तर ‘सी ४८’ हा संकेत मागणीपत्रावर घालावा लागे, आणि १९६७ च्या कॉर्व्हेटवर त्याबद्दल सुमारें ९८ डॉलर परत मिळत. म्हणजे हीटरचा अभाव कागदावर लिहिला जाई. रेडिओचें तसें नव्हतें. तो मुळांत किमतींत नसेच. हवा असेल त्यानें ‘यू ६३’ असा संकेत घालून मागावा. ज्यानें मागितला नाहीं त्याच्या कागदावर त्या जागीं कांहींच उमटत नाहीं. हीटरचा अभाव बोलका. रेडिओचा अभाव मुका. बोलक्या अभावास एक कागदाचा तुकडा पुरतो. मुक्या अभावास संपूर्ण कागद लागतो. कारण अर्धी फाटलेली यादी हातीं आली, तर रेडिओचा संकेत फाटलेल्या अर्ध्यांत नसेल कशावरून?

कागदाची साक्ष

असा संपूर्ण कागद मिळणें हें कंपनीकंपनीवर अवलंबून आहे. ह्या बाबतींत फोर्डचे गिऱ्हाईक सर्वांत भाग्यवान. १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांची यंत्रांत नोंदलेली मूळ माहिती टिकून राहिली, आणि ती वापरण्याचा परवाना केव्हिन मार्टी ह्या गृहस्थांनीं मिळविला. गाडीचा क्रमांक कळविला कीं ती गाडी कोणत्या वस्तूंसह मागविली होती, कोणत्या दिवशीं तयार झाली व कोणत्या विक्रेत्याकडे गेली, ह्याचा तपशील ‘मार्टी रिपोर्ट’ ह्या नांवानें मिळतो. ह्या तपशिलांत रेडिओ नसेल तर तो नव्हता. कारण तो असता तर येथें दिसलाच असता. पाँटियाकचीहि स्थिति चांगली आहे. १९६१ पासूनच्या तिच्या गाड्यांच्या कारखानी बिलांच्या नकला ‘पाँटियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस’ ह्या संस्थेकडे आहेत.

क्रायस्लरच्या, म्हणजे डॉज व प्लिमथच्या, गाड्यांची गोष्ट निराळी. १९६८ पासूनच्या त्यांच्या गाड्यांचें मध्यवर्ती दप्तर उरलें नाहीं. पण गाडीबरोबरच दोन साक्षीदार जन्मास येत. एक म्हणजे बॉनेटखालीं मडगार्डाच्या आंतल्या अंगास ठोकलेला लहान पत्रा. त्यावर संकेतांच्या ओळी खालून वर वाचावयाच्या असतात, आणि पट्टा नको म्हटलें असेल तर त्या नकाराचाहि संकेत तेथें असूं शकतो. कांहीं वर्षांच्या पत्र्यांवर यादी संपतांच ‘एंड’ अशी खूण आहे. ही खूण म्हणजे आपल्या ‘दोनशें रुपये फक्त’ ह्यांतील ‘फक्त’. पुढें कांहीं नाहीं असें ती सांगते, आणि म्हणूनच त्या यादीचें मौन विश्वसनीय ठरतें. दुसरा साक्षीदार म्हणजे जुळणीच्या वेळीं कामगारांच्या हातीं असलेला बांधणीचा कागद. काम संपल्यावर तो बहुधा बैठकीच्या स्प्रिंगांत किंवा गालिच्याखालीं राही. चाळीस-पन्नास वर्षांनंतर मागची बैठक उलटी करून तो पिवळा, उंदरांनीं कुरतडलेला कागद शोधणें हा ह्या लोकांचा पहिला उद्योग असतो. मात्र सांपडला म्हणून नाचूं नये; कामगारांच्या हातून एका गाडीचा कागद दुसऱ्या गाडींतहि जाई. कागदावरील क्रमांक गाडीच्या क्रमांकाशीं जुळला तरच त्याची साक्ष ग्राह्य.

सर्वांत बिकट वाट शेव्हरोलेटची. अमेरिकेंत विकलेल्या तिच्या गाड्यांच्या सर्व वस्तूंची नोंद देणारें दप्तर उपलब्ध नाहीं. कॅनडांत विकलेल्या गाड्यांची नोंद मात्र जनरल मोटर्सच्या कॅनडांतील शाखेनें ठेविली. गाडीच्या क्रमांकावरूनहि थोडेंच कळतें. १९६६ ते १९६८ पर्यंतच्या शेव्हेल ‘एस. एस. ३९६’चा क्रमांक १३८ नें सुरू होतो, म्हणून ती ओळखतां येते. १९६९ पासून एस. एस. हा केवळ मागवून घेण्याचा साज झाला आणि क्रमांकांतून ती खूण गेली. मग उरतात ते सुटे कागद. १९५८ च्या कायद्यानें नव्या गाडीच्या कांचेवर वस्तु व किमतींची यादी चिकटविणें बंधनकारक झालें. सेनेटर मन्रोनी ह्यांनीं हा कायदा आणिला म्हणून त्या यादीस त्यांचें नांव पडलें आहे. हमीपत्राच्या पुस्तिकेंत एक लहान धातूची पट्टी असे. १९६७ पासून कॉर्व्हेटच्या पेट्रोलच्या टांकीवर बांधणीचा कागद चिकटवीत. टांकी उतरवून तो कागद न फाडतां सोडविणें ही एक स्वतंत्र विद्याच होऊन बसली आहे.

कायद्याच्या तारखाहि परीक्षेस मदत करतात. १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेच्या मुख्य भूमीवर विकावयाच्या गाड्यांत पुढील कांचेवरचें हिम व दंव वितळविण्याची सोय असणें आवश्यक झालें, आणि ती सोय हीटरवांचून होत नसे. हवाईसारख्या बेटांस त्यांत सवलत होती. तेव्हां ओहायोंत विकलेली १९६९ ची गाडी कोणीं ‘कारखान्यांतूनच हीटर नसलेली’ म्हणून पुढें केली, तर कागद मागण्यापूर्वींच कपाळाला आंठी पडावी. हवाईंत विकलेली असेल, तर तें बोलणें ऐकून घेण्यासारखें आहे.

लोखंडाची साक्ष

कागद हरवला म्हणजे गाडीचें शरीरच वाचावें लागतें. रेडिओ न मागविलेल्या गाडीच्या डॅशबोर्डांत त्याच्या जागीं कारखाना एक झांकणपट्टी बसवी. नवशिक्या ती पट्टी पाहून खूष होतो. पण तशी नवी पट्टी आज थोडक्या डॉलरांत बाजारांत मिळते, म्हणून तिची साक्ष जवळजवळ शून्य. खरा शोध पट्टीमागें असतो. रेडिओला आधार देणारी कांब तेथें कधीं स्क्रूनें आवळली होती काय? ध्वनिक्षेपकाच्या जागीं भोंकें आहेत काय? मडगार्डांत आकाशकाठीसाठीं छिद्र आहे काय, किंवा तें भरून काढल्याची खूण आंतल्या बाजूस दिसते काय? बाहेरून रंग कितीहि सफाईदार असो, आंतल्या अंगास डाग दिल्याची वर्तुळाकार खूण लपविणें कठीण.

येथेंहि ‘योग्यते’ची अट विसरून चालत नाहीं. मडगार्डांत छिद्र नाहीं हें ठीक. पण अपघातानंतर बसविलेल्या नव्या मडगार्डांतहि छिद्र नसतें. शिवाय १९७० च्या सुमारास जनरल मोटर्सनें आपल्या कित्येक गाड्यांची आकाशतार पुढच्या कांचेंतच बसविली. अशा गाडींत रेडिओ असूनहि मडगार्ड कोरेंच राहणार. मडगार्ड मूळचें आहे आणि त्या वर्षीं काठी तेथेंच बसवीत, हीं दोन्ही ठरल्यावरच कोऱ्या मडगार्डाला कांहीं बोलतां येतें.

ह्या विद्येंतील सर्वांत सुंदर पुरावा कॉर्व्हेटचा आहे. तिचें अंग फायबरग्लासचें. लोखंडी पत्रा इंजिनांतील ठिणग्यांमुळें उठणारी विजेची खरखर अडवितो. फायबरग्लास ती अडवीत नाहीं. म्हणून ज्या कॉर्व्हेटला रेडिओ असे तिच्या ठिणगीच्या तारांवर व वितरकावर कारखाना धातूचीं आवरणें बसवी. ज्या गाडीला रेडिओ नाहीं तिला आवरणेंहि नाहींत. रेडिओ उपटून काढणाऱ्या लबाडाच्या मनांत इंजिनावरचीं आवरणें काढण्याचें येईलच असें नाहीं. आणि तीं काढलीं तरी त्यांच्या आधाराच्या खुणा राहतात. हीटरचेंहि तसेंच. नुसती पेटी काढून भागत नाहीं. इंजिनापासून गरम पाणी नेणारी नळी जेथें निघते तेथें बूच हवें, आणि डॅशबोर्डावर हीटरच्या दांड्यांच्या जागीं कोरी पट्टी हवी. एक खोटें बोलणाऱ्यास पुढें दहा खोटीं बोलावीं लागतात, तें हेंच.

त्यानंतर तारखा. शेव्हरोलेटच्या ओतीव भागांवर ओतल्याची तारीख उमटविलेली असते: ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, ह्या क्रमानें महिना, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आंकडा. ‘सी १४ ९’ म्हणजे १९६९ च्या गाडीपुरतें १४ मार्च १९६९. इंजिनाच्या पुढच्या सपाट जागेवर ‘व्ही ०३१७ डीझेड’ अशी खूण असेल, तर तें फ्लिंट येथें १७ मार्चला जुळविलेलें, कॅमॅरो झेड २८ चें इंजिन समजावें. भाग प्रथम ओतला जातो, मग इंजिन जुळतें, मग गाडी उभी राहते. हा क्रम कोठेंहि उलटला कीं कांहींतरी मागाहून आलें आहे. आपल्याकडील इतिहाससंशोधक जुन्या पत्रांतील तिथि व वार जंत्रीशीं ताडून बनावट पत्र हुडकतात, त्यांस ही रीत परकी वाटणार नाहीं. आणि ज्याप्रमाणें कागदावर तारीख खोडून नवी घालणारे असतात, त्याप्रमाणें इंजिनावरची सपाट जागा घांसून तीवर नवे आंकडे ठोकणारेहि आहेत. मात्र कारखान्याच्या यंत्रानें ती जागा तासली तेव्हां तींत बारीक, समांतर रेघा पडलेल्या असतात. घांसणाऱ्याच्या हातून त्या जातात आणि पुन्हा हुबेहूब उमटत नाहींत. गाडीच्या ओळखक्रमांकांत फेरफार करणें हा तर अमेरिकेंत १९८४ च्या कायद्यान्वयें मोठा गुन्हाच आहे.

कोणाचें काय जातें?

श्रीमंतांच्या ह्या खेळांत सामान्यांचें काय जातें, असें कोणी विचारील. पुष्कळ जातें. ह्या गाड्या बहुधा मूळ मालकाच्या पश्चात् बाजारांत येतात. नवऱ्यानें तरुणपणीं घेतलेली, कित्येक वर्षें कोठारांत उभी असलेली साधी, बोडकी गाडी विधवा पत्नी विकावयास काढते. जीत रेडिओ नाहीं, पट्टा नाहीं, ती गाडी ‘हलक्या प्रतीची’ म्हणून कमी किमतींत घेऊन जाणारे चतुर लोक असतात. उलट, सामान्य गाडींतून चार वस्तु काढून, नवी झांकणपट्टी व नवा छापलेला पत्रा लावून, ती दुर्मिळ म्हणून एखाद्या निवृत्त मास्तराच्या आयुष्यभराच्या शिलकीस गळ घालणारेहि असतात. दोघांच्या लबाडीचें मूळ एकच: अभाव दिसतो, पण त्याचा इतिहास दिसत नाहीं.

तिसरी हानि लबाडीनें होत नाहीं, प्रेमानें होते. मुलगा वडिलांची जुनी गाडी मोठ्या भक्तीनें दुरुस्त करावयास घेतो. बैठकीच्या कुजलेल्या स्प्रिंगा फेकतो, त्यांबरोबर त्यांत अडकलेला कागद जातो. मडगार्डाला छिद्र पाडून छानसा रेडिओ बसवितो. टांकी स्वच्छ करतांना तिच्यावरचा चिकटलेला चिठोरा घांसून काढतो. गाडी चकाकूं लागते आणि तिची जीभ मात्र कापली जाते. म्हणून तिकडील अनुभवी लोक एकच उपदेश करतात: कांहींहि उलगडण्यापूर्वीं जसें आहे तसें छायाचित्र घ्या, आणि कोणताहि घाणेरडा कागद घाणेरडा म्हणून टाकूं नका. घरांतील जुनीं छायाचित्रेंहि जपावीं. १९७० सालच्या एखाद्या कौटुंबिक चित्रांत मुलें गाडीच्या बॉनेटवर बसलेलीं आहेत आणि मागें मडगार्ड कोरें दिसतें, एवढ्यानेंहि निवाडा होऊं शकतो. तोंडच्या आठवणींचें महत्त्व त्या मानानें कमी. ‘आमच्या गाडींत रेडिओ नव्हताच’ असें मालक शपथेवर सांगतो तेव्हां तो खोटें बोलतो असें नव्हे. पण पन्नास वर्षांनीं मनुष्याची स्मृति कागदाइतकी खंबीर राहत नाहीं.

म्हणून कसलेला परीक्षक एका साक्षीदारावर कधींच निकाल देत नाहीं. कागद, पत्रा, छिद्रें, तारखा, छायाचित्रें हीं सर्व निरनिराळीं तपासून तीं एकमेकांस दुजोरा देतात काय हें तो पाहतो. १९७४ सालीं स्थापन झालेल्या कॉर्व्हेट-मालकांच्या राष्ट्रीय संस्थेनें तर अशा परीक्षेचे बारीकसारीक नियमच घालून दिले आहेत. कित्येकदां सर्व तपास करूनहि उत्तर ‘सांगतां येत नाहीं’ असेंच येतें. विकणाऱ्यास तें रुचत नाहीं. परंतु ज्याच्या तोंडीं हें उत्तर कधींच येत नाहीं, त्या परीक्षकाच्या ‘होय’वरहि शहाणा माणूस पैसे लावीत नाहीं.

ह्या सर्व खटपटींतून निष्पन्न काय होतें? पैसा तर होतोच. पण त्याखेरीज एक लहानसा इतिहासहि हातीं लागतो. १९६८ सालीं ओहायोंतील वा पेनसिल्व्हेनियांतील कोणी एक तरुण विक्रेत्याच्या टेबलाशीं बसला, खिशांतले पैसे मोजले आणि इंजिन मोठें घेऊन रेडिओ सोडून दिला. त्याचें नांव कोणी टिपून ठेविलें नाहीं. मोठमोठ्या कंपन्यांच्या इतिहासांत विक्रीचे लाखांचे आंकडे सांपडतात; पण लोकांना काय हवें होतें आणि तें मिळविण्यासाठीं त्यांनीं काय सोडलें, हें अशा एकेका गाडीच्या रिकाम्या जागाच सांगतात. ती रिकामी जागा खरी आहे कीं बनावट, हें निवडणाऱ्यांचे कष्ट म्हणून केवळ धनिकांच्या चैनीखातर आहेत असें म्हणतां येत नाहीं. आपल्याकडेहि घरोघरीं जुन्या वस्तु, जुनीं दप्तरें, जुन्या वह्या पडलेल्या असतात. त्यांत काय आहे हें पाहण्यापूर्वीं त्यांतून कांहीं गेलें तर नाहीं ना, आणि गेलें असेल तर केव्हां, एवढें विचारण्याची संवय लागली, तरी पुष्कळ सत्य वांचेल.